व्हिडिओ सुरू, आवाज बंद: ऑटोप्लेचा निर्णय नक्की कोण घेतं?

बातमीची लिंक उघडली की व्हिडिओ आपोआप सुरू होतो. निवेदकाचे ओठ हलतायत, पण आवाज नाही. ‘माझ्या फोनचा स्पीकर गेलाय का रे?’ असं मला नुकतंच एका मित्राने विचारलं. स्पीकर ठणठणीत होता. आवाज ब्राउझरने अडवला होता.

आयफोनवर आधी वेबवरचा व्हिडिओ हात लावल्याशिवाय सुरूच होत नसे. २०१६ मध्ये आयओएस १० आणि अँड्रॉइडवरच्या क्रोम ५३ ने म्यूट व्हिडिओला सूट दिली. कारण गमतीशीर आहे. ऑटोप्ले बंद म्हणून वेबसाइट्स जडच्या जड जीआयएफ टाकत होत्या आणि त्यात तुमचा डेटा जास्त जात होता. त्यापेक्षा मुका व्हिडिओ परवडला!

डेस्कटॉपवर २०१७ मध्ये सफारी ११ ने आवाजासकटचा ऑटोप्ले अडवायला सुरुवात केली, एप्रिल २०१८ मध्ये क्रोम ६६ ने आणि मार्च २०१९ मध्ये फायरफॉक्स ६६ ने. क्रोमचा नियम थोडक्यात असा: म्यूट असेल तर खुशाल चालव. आवाज हवा असेल, तर युजरने त्या साइटवर आधी कुठेतरी टॅप केलेलं हवं. नुसतं स्क्रोल करणं धरत नाहीत. म्हणून तर त्याच साइटवरचा दुसरा व्हिडिओ अचानक बोंबलत सुरू होतो. पहिल्या पानावर तुम्ही टॅप केलेलं असतं ना! साइट होम स्क्रीनवर टाकली असेल तरी आवाजाला परवानगी मिळते.

इथवर मला काही तक्रार नाही. खटकतं ते पुढचं. डेस्कटॉप क्रोम प्रत्येक साइटचा हिशोब ठेवतो: तिथे तुम्ही सात सेकंदांहून जास्त वेळ, आवाज चालू ठेवून, किती वेळा व्हिडिओ पाहिला? आकडा पुरेसा वाढला की त्या साइटला टॅपशिवाय आवाज मिळतो. आणि ज्याची ब्राउझिंग हिस्टरीच नाही, त्याच्यासाठी गूगलने हजाराहून जास्त साइट्सची तयार यादी दिली. लोक जिथे आधीपासून आवाजासह व्हिडिओ बघतात, त्या साइट्सची. म्हणजे मोठ्यांना दार उघडं, आणि काल सुरू झालेल्या छोट्या साइटने बेल वाजवत बसायचं. हिशोब चुकीचा नाही, पण समान संधीही नाही.

सगळ्यात जास्त फटका मात्र व्हिडिओंना नाही, ब्राउझरमधल्या गेम्सना बसला. क्रोम ६६ आल्यावर कित्येक वेब गेम्स आणि संगीताचे प्रयोग मुके झाले. डेव्हलपर चिडले, मे महिन्यात गूगलने त्या भागापुरता नियम मागे घेतला आणि डिसेंबरमध्ये क्रोम ७१ मधून परत आणला. मधल्या काळात कोड दुरुस्त करा, असं सांगितलं. पण जो गेम बनवून माणूस कधीच दुसऱ्या कामाला लागला, त्याचा कोड कोण दुरुस्त करणार?

व्हिडिओ प्लेअर्सनाही बदलावं लागलं. प्लेअर ‘चालव’ म्हणतो तेव्हा ब्राउझर ‘नाही’ म्हणू शकतो. जुना प्लेअर ते उत्तर ऐकतच नाही. त्याला वाटतं व्हिडिओ चालू झाला. बटण ‘पॉज’ दाखवतं आणि चित्र मात्र गोठलेलं. शहाणा प्लेअर आधी आवाजासह प्रयत्न करतो, नकार आला की म्यूट करून पुन्हा. व्हिडिओ जेएस या लोकप्रिय प्लेअरमध्ये यासाठी वेगळा पर्यायच आहे.

आता आपल्या खिशाचा प्रश्न. आवाज बंद म्हणजे डेटा बंद नव्हे. मुका व्हिडिओही तुमच्या रोजच्या दीड जीबीतूनच कापला जातो. अँड्रॉइडवर फायरफॉक्स वापरत असाल, तर सेटिंग्जमध्ये जाऊन ऑटोप्ले उघडा. फक्त मोबाइल डेटावर असताना ऑडिओ-व्हिडिओ अडवायचा पर्याय तिथे आहे. मी तोच ठेवलाय. घरी वायफायवर सगळं चालू, बाहेर पडलं की बंद.