शंभर टक्क्यांचा सालाना रिपोर्ट

एप्रिलच्या शेवटी आमच्या उर्दू हायस्कुलात सालअखेरची सभा होते. संस्थेचे सदर, सेक्रेटरी, दोन-चार मेंबर, मोहल्ल्यातली वजनदार मंडळी आणि मागच्या खुर्च्यांवर आम्ही शिक्षक. हेडमास्टर साहेब सालाना रिपोर्ट वाचतात. सुरुवात 'इक्रा'पासून होते. मग सर सय्यद येतात, मग सच्चर समिती येते, नव्या संगणक कक्षाचा आणि पाण्याच्या टाकीचा उल्लेख होतो आणि शेवटी सगळे ज्याची वाट पाहत असतात तो आकडा येतो. मागच्या मार्चचा दहावीचा निकाल, अल्हमदुलिल्लाह, शंभर टक्के. टाळ्या वाजतात. आम्हीही वाजवतो.

या टाळ्यांबद्दल आम्हाला बोलायचे आहे. बोलणे कडू होईल, पण ते सगळ्यात आधी आमच्याच विरुद्ध आहे. तेव्हा कुणी रागावू नये.

शंभर टक्के, पण कुणाचे? परीक्षेला जेवढे बसले तेवढ्यांचे. पाचवीच्या वर्गात आईबापांनी ज्यांचे बोट आमच्या हातात दिले होते, त्यांचे शंभर टक्के आजवर कुणी मोजले नाहीत. मोजणे अवघड मुळीच नाही. प्रत्येक शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टर असते. आम्ही एका दुपारी ते काढले आणि शेजारी दहावीच्या हॉलतिकिटांची यादी ठेवली. पाचवीत ६१ नावे होती. दहावीला बसले ३४. त्यांतले ६ मधल्या वर्षांत बाहेरून आलेले. म्हणजे आमच्या मूळ ६१ पैकी २८ शिल्लक राहिले. ३३ मुले गेली कुठे? काहींनी शाळा बदलली, काहींचे आईबाप गाव सोडून गेले, हे मान्य. बाकीच्यांचा पत्ता सांगायला रजिस्टरही लागत नाही. शाळेपासून बस स्टँडपर्यंत चालत गेले तरी पुरे. गॅरेजमध्ये गाडीखाली झोपलेला एक, वेल्डिंगच्या दुकानात चष्म्याविना एक, केळीच्या गाडीवर एक. मुली रस्त्यावर दिसत नाहीत एवढेच. रिपोर्टात या ३३ जणांसाठी एक ओळ नाही. बागेतल्या झाडांसाठी चार आहेत.

आता गळती कशी होते ते सांगतो, कारण ती आपोआप होत नाही, काही प्रमाणात आम्ही करतो. शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणून चाळणी लागते ती नववीत. नववीच्या दुसऱ्या सत्रात हेडमास्टर साहेबांच्या केबिनमध्ये यादी तयार होते. 'हे दहा-बारा दहावीत निकाल पाडणार.' पालकांना बोलावले जाते. चहाही पाजला जातो. मग समजावणी होते की मुलगा नापास होईल, वर्ष वाया जाईल, त्यापेक्षा दाखला घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून घरबसल्या दहावीला बसवा. सतरा नंबरची सोय खरे तर ज्यांची शाळा कधीच सुटली आहे अशा कामकरी माणसांसाठी, लग्न झालेल्या बायकांसाठी. तिचा आम्ही मागचा दरवाजा केला. बोर्ड खाजगी विद्यार्थ्यांचा निकाल वेगळा मोजते. तो मुलगा नापास झाला तरी आमच्या शंभराला धक्का लागत नाही. आणि बहुतेक वेळा तो बसतच नाही.

दाखल्यावर एक रकाना असतो, 'शाळा सोडण्याचे कारण'. त्यात आम्ही लिहितो, 'पालकांच्या विनंतीवरून'. वर्तणूक, चांगली. प्रगती, समाधानकारक. आमच्या स्वच्छ अक्षरात.

असाच एक दाखला आम्ही लिहिला. मुलगा मराठीत आणि गणितात मागे. गणिताचे सोडा. पण मराठी? ज्याने कुणी त्याला आठवडी बाजारात पाहिले असेल त्याला हे खरे वाटणार नाही. तो मामाच्या गाडीवर फळे विकायचा. गावाकडच्या म्हाताऱ्यांशी भाव करताना, थट्टा करताना, 'काकू, खाऊन तर बघा' म्हणताना त्याच्या तोंडी जी मराठी यायची ती आमच्या बी.एड. झालेल्या जिभेवर अजून आलेली नाही. तोच मुलगा पेपरात पत्रलेखनाला कोरे पान देऊन यायचा. कारण आमच्या शाळांत मराठीचा धडा उर्दूतून समजावला जातो, प्रश्नोत्तरे गाईडातून फळ्यावर उतरतात, फळ्यावरून वहीत आणि वहीतून तशीच पेपरात. त्याला येत असलेली मराठी आम्ही कधी वर्गात येऊच दिली नाही, आणि मराठी येत नाही म्हणून त्यालाच बाहेर काढले. या वार्षिकाचे वाचक मराठी वाचतात, लिहितात, मराठी आपली म्हणतात. त्यांनी हे आमच्याकडून ऐकून ठेवावे.

टक्क्यांचा एवढा गर्व करणाऱ्यांनी २०१९ साल आठवावे. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रातले शाळेच्या हातातले अंतर्गत २० गुण बोर्डाने काढून घेतले. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आला. ओरड झाली, गुण परत मिळाले आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के झाला. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपरही झाला नव्हता. २०२१ मध्ये तर परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के! एका वर्षात मुले ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली, असे कुणाला म्हणायचे आहे काय? तोंडी परीक्षेचे गुण आम्ही कसे देतो ते आम्हाला ठाऊक आहे. गरीब मुलाला आधार म्हणून दिले तर आम्हाला त्याची लाज नाही. त्याच गुणांची पगडी बांधून स्टेजवर मिरवतो, त्याची आहे.

आणि सच्चर समिती! २००६ च्या त्या अहवालाने सांगितले की ६ ते १४ वयाची चारातली एक मुस्लिम मुले एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा गेलेली सुटली. हे वाक्य आमच्या प्रत्येक जलशात सरकारच्या तोंडावर फेकले जाते. फेकावेच. सरकारने काय केले, २०२२ मध्ये पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची शिष्यवृत्तीही बंद केली. पण त्याच अहवालात हेही आहे की मदरशात शिकणारी मुले जेमतेम चार टक्के. मदरशांवर टीव्हीत रोज दंगल चालते आणि आपण तिला उत्तर देण्यात गुंग असतो. बाकीची मुले शाळांतच येतात, त्यांतली कितीतरी आमच्या शाळांत. ती आमच्या हातून सुटली तर आम्हाला जाब कोण विचारणार? संविधानाच्या ३० व्या कलमाने आम्हाला शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. यादी करून मुले गाळण्यासाठी कुणी तो मागितला नव्हता.

हेडमास्टर साहेबांची बाजू आम्हाला कळत नाही असे नाही. अर्धा दिवस त्यांचा ऑनलाईन माहिती भरण्यात जातो, उरलेला मेंबर लोकांची मर्जी राखण्यात. निकाल पडला की संस्था विचारते, पालक मुले काढून समोरच्या इंग्लिश मीडियममध्ये घालतात. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. थंडीत कितीतरी मुलांना त्यांनी खिशातून स्वेटर घेऊन दिले आहेत. आणि केबिनमधल्या त्या बैठकीत आम्हीही बसतो. नावे आम्हीच सुचवतो. आमच्या विषयाचा निकालही आमच्या गोपनीय अहवालात जातो ना!

पण आम्हाला एवढेच हवे आहे की रिपोर्टात एक पान जास्त असावे. या तुकडीत पाचवीला किती आले, दहावीला किती बसले, मधले कुठे आहेत. मुली वेगळ्या, मुलगे वेगळे. दाखला किती जणांनी मागून नेला आणि किती जणांना आम्ही बोलावून दिला. मग निकाल चाळीस टक्के निघाला तरी चालेल. तो वाचून दाखवणाऱ्या हेडमास्टरसाठी आम्ही उभे राहून टाळ्या वाजवू. हे आम्ही सभेत बोललो नाही. इथे लिहितो आहोत, यावरून आमची हिंमत वाचकांनी ओळखावी.

मे महिन्यात आमची दुसरी ड्युटी लागते. पट कमी झाला की संच मान्यतेत पदे जातात, एखादा शिक्षक अतिरिक्त ठरतो. म्हणून आम्ही कोरे फॉर्म घेऊन पाचवीची मुले शोधत दारोदार फिरतो. ज्या गल्लीत दाखले पोचवले त्याच गल्लीत. गेल्या मेमध्ये फिरत फिरत त्याच फळवाल्या मुलाच्या घरी पोचलो. धाकटी बहीण चौथी पास झाली होती. मुलगा घरी नव्हता, गाडीवर गेला होता. आईने खाट झटकून बसवले, माठातले पाणी दिले. आम्ही ठरलेले बोललो. पुस्तके फुकट, शाळा जवळ, मुलींसाठी वेगळा बंदोबस्त आणि निकाल शंभर टक्के.

तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "सर, इसकू भी नववी तक च रखते क्या? पैले च बोल देव, मैं दुसरा कुछ देखती."

आम्ही ग्लास खाली ठेवला. कुणीच बोलेना. शेवटी आमच्यातल्या एका आपाने मुलीला जवळ बोलावून नाव विचारले आणि फॉर्म भरला. आईने अंगठा न लावता सही केली, उर्दूत, मोठ्या मोठ्या अक्षरांत. बाहेर पडताना ती एवढेच बोलली, "लिख लिए ना सर?"

यंदाच्या रिपोर्टात ती मुलगी 'नवीन प्रवेश' या मथळ्याखाली मोजली गेली आहे.