येलदरीच्या काठावरची शिदोरी

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही सहकुटुंब येलदरीला जाऊन आलो. सहल म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे माथेरान-महाबळेश्वर येते. आमच्यासारख्या कारकुनाच्या खिशाला परभणीहून जिंतूर आणि जिंतूरहून येलदरी, एवढीच एस.टी.ची मजल परवडते. सकाळच्या गाडीने निघावे, दिवसभर धरणावर बसावे आणि सायंकाळच्या गाडीने घरी यावे. परंतु त्या एका दिवसात आम्हाला जे ऐकायला मिळाले, ते तुमच्या कानावर घातल्याशिवाय राहवत नाही.

बरोबर आमची आई होती, वय पंचाहत्तरीच्या पुढे. थोरली ताई होती. घरच्या मंडळी आणि दोन्ही मुले होती. आणि ताईची मुलगी होती. ही आमची भाची जॉर्जिया देशाच्या राजधानीत, तिबिलिसी शहरात, डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला आहे. बँकेचे कर्ज, ताईचे दागिने आणि आमची जामीनकी, अशा तीन खांबांवर तिचे शिक्षण उभे आहे. जॉर्जिया म्हणजे काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्यामधला चिमुकला देश. १९९१ साली तो सोव्हिएत संघातून बाहेर पडून स्वतंत्र झाला. लोकसंख्या चाळीस लाखांच्याही आत. आपल्याकडची पुष्कळ मुले-मुली आज तिथे डॉक्टरकी शिकतात.

येलदरीलाच जायचे, हा हट्ट आईचा होता. अजिंठ्याच्या डोंगरातून येणाऱ्या पूर्णा नदीवर हे धरण बांधले आणि १९६८ साली ते पूर्ण झाले. पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचे वीजघर आहे. इथले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जाते आणि परभणी, हिंगोली, नांदेड जिल्ह्यांतली शेते भिजवते. धरणाचे काम चालू होते तेव्हा आईचे वडील तिथे मातीची पाटी वाहायला होते, आणि आई परकरातली पोर होती. दुपारी बापाची भाकरी डोक्यावर घेऊन ती कामावर जायची. "ह्या मातीत माझ्या बापाचा घाम हाय," असे ती पाण्याकडे पाहून म्हणाली आणि बराच वेळ गप्प राहिली.

दुपारी झाडाखाली सतरंजी टाकली. भोई मंडळींकडून ताजा रोहू घेतला, जवळच्या खानावळीत मीठ-मिरची लावून तळून आणला. ताईने शिदोरी सोडली. ज्वारीच्या भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, करडईची पातळ भाजी, कांदे. एक डबा मात्र तिने फडक्याखालीच ठेवला. शेजारी दुसरी मंडळी सहलीला आली होती, त्यांच्या डब्यांत पुलाव-गुलाबजाम होते. भाचीने विचारले, "आई, त्यात काय आहे?" ताई हळूच म्हणाली, "आजीसाठी कण्या हायेत. तिला दात नाहीत. तू मासे खा."

वाचकहो, नव्या पिढीतल्या कित्येकांना कण्या म्हणजे काय हेही ठाऊक नसेल. ज्वारी जाडसर भरडायची, पाखडून घ्यायची, मीठ घालून पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायची आणि वर ताक ओतून खायची. ताक नसले तर नुसतीच. भाचीने फडके बाजूला सारले, डबा उघडून सर्वांच्या मध्ये ठेवला आणि म्हणाली, "तिथे असं कुणी झाकत नाही."

मग तिने आपल्या एका सहलीची हकिगत सांगितली. मागच्या शरद ऋतूत ती मैत्रिणींबरोबर तिबिलिसीहून पूर्वेकडच्या काखेती प्रांतात एका दिवसासाठी गेली होती. तो द्राक्षतोडणीचा हंगाम. जॉर्जियात द्राक्षांच्या पाचशेच्या वर देशी जाती आहेत, आणि काखेती हे त्यांचे माहेर. एका शेतकऱ्याच्या घरी म्हातारी भाकरी भाजत होती. मातीची खोल भट्टी, आपल्या तंदूरसारखी. तिला तिकडे ‘तोने’ म्हणतात. होडीच्या आकाराचा कणकेचा गोळा म्हातारी वाकून भट्टीच्या आतल्या भिंतीला थापत होती. त्या भाकरीला म्हणतात ‘शोतिस पुरी’. त्यांच्या भाषेत पुरी म्हणजेच भाकरी! आमची मुले हसू लागली. भाची म्हणाली, "अजून ऐका. तिथे आईला देदा म्हणतात आणि बापाला मामा." ती आमच्याकडे पाहून हसली, पण तिचे डोळे भरून आले. आमचे मेव्हणे जाऊन नऊ वर्षे झाली. कशाने गेले, ते पुढे येईलच.

त्या घरी दोऱ्यात अक्रोड ओवून, द्राक्षाच्या रसात पीठ घालून घट्ट शिजवलेल्या पाकात ती माळ बुडवून वाळत घातली होती. मेणबत्त्यांसारख्या दिसणाऱ्या या खाऊला ‘चुर्चखेला’ म्हणतात. आपल्याकडे दारात शेवया-कुरडया वाळत पडतात, तसेच तिथले अंगण दिसत होते. आणि तळघरात जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे मोठमोठे रांजण होते. त्यांना ‘क्वेव्री’ म्हणतात. द्राक्षे तुडवून रस, साली, बिया, देठ असे सगळे त्यात ओततात, तोंड बंद करतात आणि पाच-सहा महिने ठेवतात. त्याची वाईन होते. तिबिलिसीच्या दक्षिणेला सापडलेल्या मातीच्या भांड्यांची तपासणी होऊन २०१७ साली असे प्रसिद्ध झाले की, त्या भागात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीही द्राक्षाची वाईन होत होती. युनेस्कोने २०१३ साली क्वेव्रीच्या या पद्धतीला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले.

भाची रंगून सांगत होती. ताईचा घास मात्र हातातच राहिला. ती एकदम म्हणाली, "जमिनीत पुरलेली असो का बाटलीत भरलेली. तुझ्या बापाला तिनंच नेलं. आन् तू तिचं कौतुक सांगायलीस?"

सतरंजीवर कोणीच बोलेना. ताईचे दुःख आम्ही जवळून पाहिले आहे. मेव्हणे हातचे चांगले गवंडी. पगाराच्या दिवशी ताई दोन पोरांना घेऊन कोपऱ्यावर उभी राहायची, पैसे दुकानात जाण्याआधी हाती यावेत म्हणून. शेवटी यकृत गेले. वस्तीतले दुकान बंद व्हावे म्हणून बायकांनी सह्या गोळा केल्या, तेव्हा पहिली सही ताईची होती.

भाचीने आईचा हात धरला. "आई, मी तोंडाला लावली नाही. पण काय झालं ते ऐक." तिथे मेजवानीला ‘सुप्रा’ म्हणतात. मेजवानीचा एक प्रमुख असतो, तो ‘तामादा’. तो उभा राहून एकेका गोष्टीसाठी चार शब्द बोलतो, मग सर्व जण पेला उंचावून ‘गाउमार्जोस’ म्हणतात. त्याचा अर्थ विजय असो. शांततेसाठी, आईबापांसाठी, पाहुण्यांसाठी असे पेले उंचावून झाले. मग तामादा गंभीर झाला आणि जे आज आपल्यात नाहीत त्यांच्यासाठी बोलला. म्हातारीने भाचीचा पेला भरायला घेतला. भाचीने हात जोडून सांगितले की, आम्ही घेत नाही. म्हातारी रागावली नाही. आत गेली आणि त्याच दिवशी काढलेला, न आंबलेला ताजा द्राक्षरस घेऊन आली. भाची म्हणाली, "सगळ्यांनी आपापल्या माणसांची नावं घेतली. मीही पप्पांचं नाव घेतलं. रस पिऊन घेतलं. मला वाटलं, पप्पांना कुणी असा रस दिला असता तर?"

ताईने पदर डोळ्याला लावला. पुढे ती काही बोलली नाही, पण कण्यांचा डबा तिने स्वतः उचलून लेकीच्या पुढे सरकवला.

यावर आई बोलली. "जमिनीत पुरायचं म्हनता, तर आमच्या गावात पेव होतं," ती म्हणाली. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले ज्वारीचे कोठार. कडेने कडबा-भुसा लावायचा, ज्वारी भरायची, वर माती लिंपायची. उघडताना आत विषारी हवा कोंडलेली असे. "आधी दिवा सोडायचे. दिवा इझला नाही, तर मग माणूस उतरवायचा. उतरणारं माणूस कोन? माझा बाप. मधली पांढरी ज्वारी मालकाच्या वाड्यात. कडंची, वल लागलेली, काळी, वास मारणारी आमच्या पदरात. त्याच ज्वारीच्या ह्या कण्या, लेकरांनो."

आम्ही बी.कॉम. झालेलो, जन्मभर जमाखर्च लिहिणारे. आम्हाला त्या क्षणी एक हिशेब सुचला. जॉर्जियाच्या माणसाने रांजण पुरला तो स्वतःच्या अंगणात. आत जे होते ते त्याचेच होते, म्हणून त्याला त्याचा अभिमान वाटतो. आपल्या आजोबाने जीव धोक्यात घालून पेवात उडी घेतली, पण धान्य दुसऱ्याचे होते. म्हणून आपल्याला त्या अन्नाची लाज वाटते. खरे पाहता लाज कोणाला वाटायला हवी? पेवात माणूस उतरवून त्याला काळी ज्वारी देणाऱ्याला, की ती स्वच्छ धुऊन, भरडून, शिजवून लेकरे जगवणाऱ्या माउलीला?

तेव्हा आपल्या खाण्यापिण्याची खतावणी नीट मांडली पाहिजे. तिची तीन खाती आहेत.

पहिले खाते लादलेल्या अन्नाचे. शिळे तुकडे, मेलेल्या जनावराचे मांस. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितले आणि आपल्या वाडवडिलांनी पोट मारून ते सोडले. ते खाते बंद झाले. परंतु बंद झालेल्या खात्याचे पान कोणी फाडत नाही. ते इतिहासासाठी राहते.

दुसरे खाते दारूचे. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ असे सांगणारेही निघाले होते. आपल्या पाचव्या शीलात सुरा आणि मेरय असे दोन्ही शब्द आहेत. सुरा ही पीठ, भात अशा धान्यापासून केलेली, आणि मेरय म्हणजे फुले, फळे, मध, गूळ आंबवून केलेले पेय, असा खुलासा जुन्या पाली टीकेत आहे. म्हणजे द्राक्षाची असो की मोहाची, पळवाट अडीच हजार वर्षांपूर्वीच बंद केलेली आहे. जॉर्जियाच्या माणसाच्या परंपरेचा आम्ही आदर करतो. तो त्याच्या घरचा हिशेब आहे. आपल्या घरचा हिशेब ताईच्या डोळ्यांत लिहिलेला आहे.

तिसरे खाते शिल्लकीचे, आणि हेच आपण विसरत चाललो आहोत. कण्या, रात्री ज्वारीचे पीठ ताकात भिजवून सकाळी शिजवलेली अंबील, घुगऱ्या, धपाटे, येसर, पावसाळ्यात बांधावरचा तरोटा, पूर्णेचा मासा. आंबवणे आपल्यालाही येत होते. आपल्या अंबिलीने उन्हातल्या मजुराला उभे ठेवले, त्याचा तोल घालवला नाही. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून शहरातल्या दुकानांत ज्वारीचा रवा सुंदर पाकिटात दिसतो. डॉक्टर तो मधुमेहींना सुचवतात. म्हणजे जे आपण फडक्याखाली झाकतो, ते दुसरा पाकिटात घालून आपल्यालाच विकतो!

शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या दलितांच्या स्वयंपाकाची नोंद ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात २०१५ साली केली. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही आले. एका माणसाने एवढे केले. आपण आपल्या घरापुरते तरी करू.

सायंकाळच्या गाडीत भाचीने पिशवीतून वही काढली. शरीरशास्त्राच्या टिपणांची वही ती, मागची पाने कोरी होती. आजी सांगत होती आणि ती लिहीत होती. कण्यांना पाणी किती, भरड कशी, तरोट्याची पाने कोणत्या महिन्यात खुडायची. ताई मधून मधून आईची चूक दुरुस्त करत होती. "आगं आई, मीठ आधी नाही, उकळी आल्यावर." जिंतूर येईपर्यंत चार पाने भरली. उन्हाळ्यात तिबिलिसीच्या वसतिगृहात कण्या शिजवून मैत्रिणींना खाऊ घालायचा तिचा बेत आहे. ताईने दोन किलो ज्वारी भरडून द्यायचे कबूल केले आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरीही आजी असेल. दात गेले असतील, आठवण गेलेली नसेल. या रविवारी तिच्यापाशी बसा. काय खावे लागले, काय सोडले आणि काय जपले, हे तिला विचारा आणि तीन रकाने करून लिहून काढा. आजी आहे तोवरच ही वही भरता येईल.