पोटखराबा खरोखरच खराब आहे काय ?

सात-बाराच्या उताऱ्यावर 'पोटखराबा' हा शब्द मीं नोकरींत असतां हजारों वेळां लिहिला असेल. सर्व्हे नंबरांतील जो भाग लागवडीच्या उपयोगी नाहीं तो पोटखराबा, व त्यावर आकार नाहीं. वसुलापुरती ही व्याख्या योग्यच आहे. परंतु ज्यास आकार नाहीं त्यास किंमतही नाहीं, अशी जी समजूत कर्जत व खालापूर तालुक्यांतील आम्हां खातेदारांत रुजली आहे, तिला माझा विरोध आहे.

२०१८ सालच्या नियमदुरुस्तीनें 'अ' वर्गाचा पोटखराबा लागवडीखालीं आणल्यास तो लागवडयोग्य क्षेत्रांत धरण्याची सोय झाली. त्यांत फार्महाऊससाठीं जमिनीस भाव आलेला. त्यामुळें बांधाकडेचीं झुडपें, ओहोळाचा काठ, वरकसांतील दगडी टेकाड हें सर्व यंत्रानें सपाट करण्याकडे ओढा दिसतो. "तेथें आहे तरी काय ?" असें विचारलें जातें. तेथें कोण राहतें हें पाहिल्यावांचून याचें उत्तर देतां येणार नाहीं.

कोणताही जीव वाटेल तेथें राहत नाहीं. ऊब, ओल, अन्न, आसरा व पिलांस निर्भय जागा या गोष्टी जेथें एकत्र जमतात, तेथेंच त्याचा संसार चालतो. ज्या शब्दाचा मूळ अर्थ भिंतींतील कोनाडा, तो शब्द १९१७ सालीं अमेरिकेंतील प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल यांनीं एका पक्ष्याविषयीं लिहितांना अशा जागेस योजिला. शब्द मार्मिक आहे. दिव्याच्या कोनाड्यांत पाटा मावत नाहीं. भीमाशंकराच्या रानांतील शेकरू फांदीवरून फांदीवर जातें. झाडांचें छत तुटलें कीं त्याचा रस्ता खुंटला. म्हणून तें आमच्या खाचरांत उतरत नाहीं. परसांतील खार मात्र कौलांवर व कुंपणावर सुखानें नांदते. दोघांचें कूळ एक, कोनाडे निराळे.

शेतकऱ्यास हें नवें नाहीं. उंचवट्याच्या, लवकर निथळणाऱ्या खाचरांत हळवें भात, सखल पाणथळींत गरवें, उतारावर नाचणी व वरी, ही वांटणी पूर्वजांनीं याच न्यायानें केली. पाणी बदललें कीं वांटणीही बदलते. भिवपुरीचें वीजगृह १९२२ सालीं सुरू झालें; तेथून सुटणारें पाणी राजनाल्यानें शेतांत आल्यामुळें कर्जत तालुक्यांत उन्हाळी भात उभें राहतें, आणि चैत्रांत बगळेही तेथेंच उतरतात.

आतां पोटखराब्यांतील कुळें पाहूं. जुन्या आंब्याच्या ढोलींत पिंगळा असतो. तो किडे व लहान उंदीर टिपतो. गव्हाणी घुबड तर मुख्यतः उंदरांवरच जगतें. दगडांच्या सांदींत धामण असते. लोंब्या उंदरांनीं कापल्या म्हणजे आपण विषाच्या पुड्या आणतों. आणि राखणदाराची ढोली आपणच सरपणासाठीं तोडलेली असते! ओहोळाचें महत्त्व याहूनही मोठें. पहिल्या पावसांत नदींतील मासे अंडीं घालण्यास उलट्या धारेनें ओहोळांत व तेथून खाचरांत चढतात, तीच आपली वलगण. ओहोळ बुजला कीं माशांची ही वाट कायमची मोडली.

चार गुंठ्यांच्या धन्यानें मातीचा सपाट तुकडा लागवडींत आणिला, तर त्यास दोष देतां येणार नाहीं. त्याचेंही पोट आहे. ओहोळाची गोष्ट वेगळी. इतरांच्याही उपयोगाचा ओहोळ 'ब' वर्गांत मोडतो. तो बुजविण्याचा हक्क खातेदारास नाहीं. वाटेसाठीं त्यावर नळ घालणें भागच पडलें, तर तो रुंद असावा व ओहोळाच्या तळाशीं समपातळींत बसवावा. वीतभर उंच बसविलेल्या नळांतून पाण्याची धार खालीं पडते, व वलगणीचे मासे त्या धारेखालींच अडकतात. असे नळ ज्यांच्या शिवारांत असतील, त्यांनीं ते मृगापूर्वीं खालीं उतरवून घ्यावे.