आहाराचे मोजमाप आठवणींच्या भरवशावर

गेल्या वर्षभरात आपण गाजर किती वेळा खाल्ले? आहार आणि आजार यांचा संबंध शोधणारी अनेक मोठी संशोधने अशाच प्रश्नांच्या उत्तरांवर उभी आहेत. अमेरिकेतील परिचारिकांच्या प्रसिद्ध आरोग्य-पाहणीत १९८० मध्ये ६१ पदार्थांची अशी प्रश्नावली टपालाने धाडण्यात आली. खर्च कमी आणि हजारोंपर्यंत पोहोचण्याची सोय, यामुळे ही पद्धत रूढ झाली.

मात्र स्मरणशक्ती म्हणजे तराजू नव्हे. अमेरिकेतच झालेल्या ‘ओपन’ अभ्यासात ४८४ स्त्री-पुरुषांना विशिष्ट समस्थानिकांचे पाणी देऊन त्यांच्या शरीराने खर्च केलेली ऊर्जा मोजण्यात आली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्रश्नावलीत पुरुषांनी आपला ऊर्जासेवनाचा आकडा ३१ ते ३६ टक्क्यांनी, तर स्त्रियांनी ३४ ते ३८ टक्क्यांनी कमी सांगितला होता. अशा त्रुटींमुळे आहार व आजार यांतील खरा संबंधही पुसट दिसू शकतो.

म्हणून प्रश्नावली टाकाऊ ठरत नाही. कोण अधिक खातो, कोण कमी, हा क्रम लावण्यास ती उपयोगी पडते. ग्रॅमचा हिशेब मात्र तिच्याकडून मागू नये. ‘अमुक खा, तमुक टाळा’ असे मथळे वाचून ताट बदलण्यापूर्वी, त्या संशोधनात आहार मोजला कसा, हे पाहणेच शहाणपणाचे.