केंद्राचे मौन म्हणजे मनाई नव्हे

केंद्राने एखाद्या विषयावर कायदाच केला नाही, तर राज्यांनी हात बांधून बसावे काय? संघराज्यात वारंवार उद्भवणाऱ्या या प्रश्नाचा निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५२ साली फिलाडेल्फिया बंदराच्या निमित्ताने केला होता.

डेलावेअर नदीतून फिलाडेल्फियापर्यंत जहाज आणणे हे परक्या कप्तानाचे काम नव्हे. तेथील प्रवाह आणि उथळ जागा ठाऊक असलेला स्थानिक वाटाड्या, म्हणजेच पायलट, हवा. म्हणून पेनसिल्व्हेनियाने १८०३ मध्ये कायदा केला की, पायलट न घेणाऱ्या जहाजाने त्याच्या शुल्काची निम्मी रक्कम भरावी. ही रक्कम वृद्ध व विपन्न पायलट, त्यांच्या विधवा आणि मुले यांच्या साहाय्यनिधीत जाई. आरन कूली यांनी ती देण्यास नकार दिला. परदेशी व आंतरराज्य व्यापाराचे नियमन काँग्रेसकडे असताना राज्याचा येथे संबंध काय, हा त्यांचा सवाल सहज उडवून लावण्याजोगा नव्हता.

न्या. बेंजामिन कर्टिस यांनी पायलटविषयक नियम हे व्यापाराचेच नियमन होय, हे मान्य केले आणि तरीही कायदा वैध ठरविला. जेथे साऱ्या देशाला एकच नियम आवश्यक, तेथे केवळ काँग्रेसची सत्ता. जेथे बंदरागणिक गरज बदलते, तेथे काँग्रेस कायदा करीपर्यंत राज्यांना मोकळीक. काँग्रेसने स्वतःच १७८९ मध्ये राज्यांचे पायलटविषयक कायदे चालू ठेवले होते. मात्र याच व्यवस्थेत पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा व्यापारातील जहाजांना सवलत होती! स्थानिक गरज कोठे संपते आणि आपमतलब कोठे सुरू होतो, हे ठरविणे सोपे नसते.

आपल्या घटनाकारांनी ही रेषा न्यायालयांवर सोडली नाही. प्रमुख बंदरे केंद्रसूचीत, उर्वरित समवर्ती सूचीत. त्याच आधारावर महाराष्ट्राने १९९६ मध्ये सागरी मंडळाचा कायदा केला. भारतीय बंदरे अधिनियम, २०२५ने आता १९०८ च्या कायद्याची जागा घेतली असून सागरी राज्य विकास परिषदेला वैधानिक दर्जा दिला आहे. सुरक्षा आणि प्रदूषण यांबाबत एकच मापदंड असावा, यात दुमत नसावे. परंतु कोकणातल्या खाडीचा गाळ कधी उपसावा, मच्छीमारांच्या नौकांना वाट कोठून द्यावी, हे रत्नागिरीतच ठरले पाहिजे. केंद्रीय मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील या परिषदेत आपल्या मंत्र्यांनी पहिल्याच बैठकीत हा मुद्दा मांडावा.