रापण ओढायला किनारा हवा

मालवणात सत्तर पावसाळे काढलेल्या माणसाने बंदरात मुंबईची आगबोट येताना पाहिली आहे. आगबोटी बंद झाल्या, मग एसटीचा रात्रभराचा प्रवास उरला. नव्वदच्या दशकात कोकण रेल्वे आली आणि कुडाळ-कणकवलीपर्यंत गाडीने येता येऊ लागले. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीच्या माळावर प्रवासी विमान उतरले. या वाटांनी पूर्वी यायचा तो बहुतेक चाकरमानी, गणपतीला नाहीतर मे महिन्यात. आता बारमाही येतो तो पर्यटक.

त्याने गावाचे भले केले, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. मुंबईच्या मनीऑर्डरीची वाट बघणारी कितीतरी घरे आज न्याहारी-निवासावर उभी आहेत. तारकर्ली-देवबागच्या माडांखाली घरोघरी खोल्या निघाल्या. ज्या पोरांनी गिरगाव-लालबागची वाट धरली असती, ती सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात स्कूबाचे मार्गदर्शक झाली. घरच्या बाईच्या हातच्या तिखल्याला आणि सोलकढीला दाम मिळू लागला. हे सगळे जुन्या माणसाला हवेच होते.

त्याचे दुखणे वेगळे आहे. ते वाळूवर आहे.

रापण ही मालवणची जुनी सामुदायिक मासेमारी. जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावर ठेवायचा, होडीने समुद्रात अर्धवर्तुळ घालत जाळे सोडायचे, दुसरा दोर घेऊन परत किनाऱ्याला लागायचे आणि मग दोन्ही बाजूंनी माणसांनी मिळून जाळे ओढायचे. बांगडा, तारली, पेडवे, जे येईल त्याचे वाटे पडतात. ओढायला हात लावणाराही रिकाम्या हाताने घरी जात नाही. या मासेमारीला ना यांत्रिक बोट लागते, ना डिझेल. लागतात फक्त माणसे आणि लांबरुंद, मोकळी वाळू.

पहिला घाव समुद्रातून आला. यांत्रिक बोटींच्या पर्ससीन जाळ्यांनी माशांचे थवेच्या थवे बाहेर समुद्रातच उचलले. राज्य सरकारने २०१६ मध्ये त्यांच्यावर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली; तरी अंमलबजावणीसाठी पारंपरिक मच्छीमाराला आंदोलने करावी लागली. मासा कमी झाला तेव्हा अनेक रापणकर पर्यटनाकडे वळले. त्यांना दोष देता येणार नाही.

दुसरा घाव मात्र किनाऱ्यावरच बसतो आहे. जिथे होड्या ओढून झावळ्यांनी शाकारायच्या, जिथे जाळी सुकवायची, जिथे मांगर होते, तिथे हळूहळू खुर्च्या, टपऱ्या, जलक्रीडेच्या बोटी आणि पार्किंग आले. वाळू कुणाच्या सातबाऱ्यावर नसते, म्हणून ती रिकामी समजली जाते. ती रिकामी कधीच नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या गाबीत या मच्छीमार समाजाच्या रापण संघांचे ते कामाचे ठिकाण आहे, आणि कुठल्या किनाऱ्यावर कुणाची रापण लागते हे गावात लहान मुलालाही ठाऊक असते.

मालवणच्या समुद्रात १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला होता. त्यामागची भीतीही हीच होती: आपल्या जागेचा निर्णय आपल्याला न विचारता होईल. ती भीती खोटी म्हणवत नाही. पर्यटनाचे आराखडे आखताना हॉटेलवाला विचारात घेतला जातो, बोटवाला घेतला जातो. रापणकराची आठवण वाद पेटल्यावर होते.

म्हणून एक मागणी साधी आहे आणि ती आजच पूर्ण करता येण्यासारखी आहे. दांडी, चिवला, तारकर्ली, देवबाग या किनाऱ्यांवर रापण ओढण्याच्या, होड्या चढवण्याच्या आणि जाळी सुकवण्याच्या जागा मच्छीमारांना सोबत घेऊन मोजाव्यात. किनारा व्यवस्थापन आराखड्यात त्यांची स्पष्ट नोंद व्हावी. त्या पट्ट्यात टपरी किंवा जलक्रीडेचा परवाना देऊ नये. नगरपालिका, ग्रामपंचायती आणि जिल्हा प्रशासनाने येत्या नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण होण्याआधी हे काम हाती घ्यावे.