छायाचित्राचा इतिहास आणि गुणांचा हिशेब

हेदवीच्या किनाऱ्यावर, उमामहेश्वराच्या देवळाजवळ, काळ्या कातळात एक अरुंद घळ आहे. तिला बामणघळ म्हणतात. भरतीचे पाणी त्या घळीत शिरले की मोठा आवाज करीत उंच उसळते आणि काठावर जमलेली माणसे एकाच वेळी हातातले मोबाइल वर करतात. एका दुपारी तेथे जेवढी छायाचित्रे निघत असतील, तेवढी या गावातील कित्येक घरांच्या वाट्याला दोन पिढ्यांत मिळूनही आली नसतील. छायाचित्र काढणे आज इतके सोपे झाले आहे की त्याचे कोणास काही वाटेनासे झाले आहे. छायाचित्र वाचणे मात्र पूर्वीइतकेच अवघड राहिले आहे. ते शिकविण्याची जबाबदारी ज्यांनी पत्करली, ती आपली महाविद्यालये या शिक्षणाची परीक्षा कशी घेतात, हा या लेखाचा विषय आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्यार्थ्याला आपल्या शाखेबाहेरचे विषय घेण्याची मुभा दिली. तिचा लाभ घेऊन एका महाविद्यालयाने छायाचित्रणाच्या इतिहासाची एक छोटी अभ्यासपत्रिका सुरू केली आणि तिच्या मूल्यमापनासाठी दुसरा परीक्षक म्हणून प्रस्तुत लेखकास बोलावले. अर्थशास्त्राच्या अध्यापकाचे तेथे काय काम, असा प्रश्न कोणी विचारील. लहान महाविद्यालयांत माणसे थोडी असतात, हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर असे की, छायाचित्र कोणी काढले, कोणाच्या पैशाने काढले आणि कोणासाठी काढले, हे प्रश्न अर्थशास्त्राला परके नाहीत.

विषय निवडणाऱ्यांचे कौतुकच केले पाहिजे, कारण या विषयाशी आपले नाते जुने आहे. दागेरचे तंत्र पॅरिसमध्ये १८३९ च्या ऑगस्ट महिन्यात जाहीर झाले. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली आणि डॉ. भाऊ दाजी तिचे सभासद होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत व्यावसायिक म्हणून नाव मिळविले. त्याच वर्षी सरकारने कॅप्टन बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामावर नेमले. म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेपूर्वीच, १८५७ च्या आधी, मुंबईत छायाचित्रण हा शिकण्याचा विषय झाला होता.

त्या जुन्या वर्गातील परीक्षा एका अर्थाने सोपी असली पाहिजे. कागदावर वा काचेवर प्रतिमा उमटली तर विद्यार्थ्याला विद्या आली. न उमटली तर आली नाही. रसायन आणि सूर्यप्रकाश हेच परीक्षक, आणि त्यांच्याकडे वशिला चालत नाही. छायाचित्रणाच्या इतिहासाला असा निसर्गदत्त परीक्षक नाही. येथे विद्यार्थ्याला काय समजले हे माणसानेच ठरवावयाचे असते. म्हणून प्रश्न कोणते विचारावेत आणि गुण कशाला द्यावेत, याचा विचार येथे अधिक काटेकोरपणे व्हावयास हवा होता. तो झालेला नव्हता, आणि त्या न होण्यात प्रस्तुत लेखकाचाही वाटा आहे.

प्रश्नपत्रिका आपल्या नेहमीच्या वळणाची होती. दागेरच्या तंत्राची माहिती लिहा. कलोडियन पद्धतीचे फायदे सांगा. होमाई व्यारावाला यांच्यावर टीप लिहा. सबंध प्रश्नपत्रिकेत छायाचित्र एकही नव्हते. संगीताची परीक्षा सुराशिवाय घ्यावी, तसाच हा प्रकार. ज्या विद्यार्थ्यांनी सनावळी पाठ केली होती त्यांना भरघोस गुण मिळाले. त्यांच्यापैकी एकाला तोंडी परीक्षेत एकोणिसाव्या शतकातील एक कौटुंबिक छायाचित्र दाखविले आणि काय दिसते, असे विचारले. तो म्हणाला, ‘पूर्वीची माणसे फार दुःखी होती.’ कलोडियन पद्धतीचे पाच फायदे त्याने उत्तरपत्रिकेत अचूक लिहिले होते. परंतु त्या काळी काही सेकंद तरी निश्चल बसावे लागे, डोके हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार लावीत, आणि म्हणून चेहरे ताठ दिसतात, हे ज्ञान त्याच्या डोळ्यांपर्यंत पोहोचलेच नव्हते. सनावळी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. ती पाहण्याच्या कामी आली नाही तर ती केवळ ओझे होते, एवढाच याचा अर्थ.

याहून मोठी चूक प्रकल्पाच्या गुणदानात झाली. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील जुने छायाचित्र शोधून त्यावर लिहावे, अशी योजना होती. प्रकल्पाला ३० गुण आणि त्यातील १० ‘जुने छायाचित्र जोडणे’ या कलमाखाली. योजना ऐकावयास उत्तम होती.

एका विद्यार्थिनीने आपल्या पणजोबांचे छायाचित्र आणले. ते मुंबईस गिरणीत कामाला लागल्यावर तेथील एका स्टुडिओत काढून त्यांनी गावी पाठविले होते. अंगात कोट, मनगटावर घड्याळ, मागे राजवाड्याचा जिना. पणजोबा एवढे श्रीमंत कसे झाले, या प्रश्नापासून तिने आरंभ केला. आजीकडून तिला कळले की, कोट स्टुडिओचा होता आणि जिना पडद्यावर रंगविलेला होता. खरे होते ते फक्त पणजोबा आणि गावी दरमहा येणारी मनीऑर्डर. चाकरमान्यांच्या अर्थव्यवस्थेवर आम्ही वर्गात जे चार तास बोलतो, ते या मुलीने दोन पानांत आणले होते. तिला गुण उत्तम मिळाले आणि ते योग्यच होते.

हेदवीच्या परिसरातील एका वाडीवरच्या विद्यार्थ्याने मात्र छायाचित्र जोडलेच नाही. त्याच्या घरात जुने छायाचित्र नव्हते. त्याने लिहिले होते की, आपल्या आजीचे पहिले छायाचित्र मतदार ओळखपत्रासाठी निघाले. ती ओळखपत्रे देशात १९९३ पासून देण्यास आरंभ झाला. तोवर तिचे निम्म्याहून अधिक आयुष्य सरले होते. त्याने आजीला विचारले, ‘त्याआधी फोटो का नाही काढलास गो?’ ती म्हणाली, ‘पैसे होते खंय? नि काढून दाखवायचा कोणाला?’ लेख दीड पानाचा होता. ‘छायाचित्र जोडलेले नाही’ असा शेरा मारून त्याला त्या कलमाखाली शून्य गुण देण्यात आले. नियमाप्रमाणे ते बरोबर होते. दुसरा परीक्षक म्हणून त्या गुणपत्रकावर माझीही सही आहे.

त्या सहीने गेले काही महिने मला अस्वस्थ केले आहे. ज्याच्या पूर्वजांनी स्टुडिओत जाऊन पैसे मोजले, त्याच्या वंशजाला १० गुण. ज्याच्या पूर्वजांपाशी ते नव्हते, त्याला शून्य. ही परीक्षा विद्यार्थ्याची झाली की त्याच्या आजोबांच्या उत्पन्नाची? इतिहासात कोणाचे छायाचित्र निघाले आणि कोणाचे निघाले नाही, हा या विषयाचा गाभाच आहे. त्या गाभ्याला सबंध वर्गात एकाच विद्यार्थ्याने हात घातला आणि आम्ही त्याचे गुण कापले.

इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलननीतीच्या संदर्भात एक निरीक्षण नोंदविले होते. आकडेवारीत दिसणारा एखादा नियमित संबंध नियंत्रणाचे साधन म्हणून वापरू लागले की तो संबंधच ढासळतो, असा त्याचा आशय. परीक्षेलाही ते लागू पडते. जुने छायाचित्र शोधणारा विद्यार्थी बहुधा जिज्ञासू असतो, हे खरे. पण छायाचित्र जोडण्यालाच गुण ठेवले की छायाचित्रे जोडली जातात आणि जिज्ञासा बाजूला राहते. त्यात आता निबंध लिहून देणारी यंत्रे खिशात आली आहेत. घरी लिहून आणलेल्या गुळगुळीत लेखावरून विद्यार्थ्याला काय कळले हे ठरविणे दिवसेंदिवस अशक्य होत चालले आहे.

मग करावे काय? माझ्या मते चार गोष्टी करता येतील. पहिली, लेखी परीक्षेत किमान ४० गुणांसाठी विद्यार्थ्यापुढे त्याने पूर्वी न पाहिलेले छायाचित्र ठेवावे. त्याने प्रथम जे दिसते ते लिहावे; मग त्यावरून जो तर्क करावयाचा तो वेगळा लिहावा; आणि शेवटी या छायाचित्रावरून काय कळू शकत नाही, हेही सांगावे. या तिसऱ्या भागाला आपल्या परीक्षापद्धतीत स्थान नाही. ‘हे यावरून सांगता येत नाही’ असे लिहिणाऱ्याला आपण गुण देत नाही, आणि मग ठोकून देण्याची सवय लागली म्हणून विद्यार्थ्यांनाच दोष देतो.

उदाहरणादाखल फेलिस बिआटो याने लखनौच्या सिकंदर बागेचे घेतलेले प्रसिद्ध छायाचित्र पाहावे. पडक्या इमारतीपुढे मानवी सांगाडे विखुरलेले दिसतात. बागेतील लढाई झाली नोव्हेंबर १८५७ मध्ये. बिआटो लखनौस पोहोचला मार्च १८५८ मध्ये. हे सांगाडे छायाचित्रासाठी मुद्दाम मांडले गेले, असे अभ्यासक मानतात. ज्या विद्यार्थ्याला या दोन तारखा देऊन ‘आता तुम्हांस काय वाटते?’ असे विचारले जाईल, त्याला सन कशासाठी लक्षात ठेवावयाचा असतो हे आयुष्यभर विसरता येणार नाही.

दुसरे उदाहरण माझ्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्याप्रमाणेच आपले सोलापूर, पुणे, सातारा हे जिल्हेही होरपळले. मद्रासकडील भुकेल्यांची छायाचित्रे हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने घेतली. हाडांचे सापळे झालेली माणसे त्यात ओळीने, एखाद्या स्टुडिओतल्यासारखी बसविलेली आहेत. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची छायाचित्रे सुनील जानाह यांनी घेतली, ती कम्युनिस्ट पक्षाच्या नियतकालिकासाठी. दोन्ही ठिकाणी भूक तीच. परंतु पाहणारा निराळा, ज्याला दाखवावयाचे तो निराळा आणि हेतूही निराळा. ही दोन छायाचित्रे शेजारी ठेवून विद्यार्थ्याकडून दोन पाने लिहून घेतली, तर दहा टीपांनी जे कळणार नाही ते परीक्षकाला कळेल.

दुसरी गोष्ट प्रकल्पाची. तो ठेवावाच; परंतु छायाचित्र स्वतःच्या घरातले असलेच पाहिजे, ही अट काढून टाकावी. शेजाऱ्याचे, शाळेचे, देवस्थानाचे, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचे कोणतेही चालावे. छायाचित्र नसेल तर ते का नाही याचा शोध हाच प्रकल्प मानावा आणि त्याला पूर्ण गुणांची पात्रता असावी. गुण वस्तूला न देता विचारपूस कोणाकडे केली, ती कशी पडताळली आणि तीतून काय निष्पन्न झाले, यांना द्यावेत. तिसरी गोष्ट, प्रत्येक प्रकल्पावर दहा मिनिटांची तोंडी परीक्षा असावी. यंत्राने लिहून दिलेला लेख दहा मिनिटांच्या प्रश्नांपुढे टिकत नाही. चौथी गोष्ट, गुणदानाच्या कसोट्या सत्राच्या आरंभीच विद्यार्थ्यांच्या हाती द्याव्यात.

यावर आक्षेप येतील. पहिला वेळेचा. साठ विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा म्हणजे दहा तास. दोन परीक्षकांनी दोन दिवस द्यावयाचे. ज्या व्यवस्थेत अहवाल आणि तक्ते भरण्यात याहून कितीतरी अधिक तास जातात, तिने वेळ नाही असे म्हणणे शोभत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सनावळीचे उत्तर बरोबर किंवा चूक असते. छायाचित्राच्या वाचनाला गुण देताना परीक्षकाची लहर आड येणार नाही काय? येईल. म्हणून दोघा परीक्षकांनी पहिल्या दहा उत्तरपत्रिका स्वतंत्रपणे तपासाव्यात, गुण ताडून पाहावेत आणि जेथे अंतर मोठे पडेल तेथे एकत्र बसून कारण शोधावे. मग उरलेल्या तपासाव्यात. तरीही थोडी तफावत राहील. तथापि योग्य गोष्टीचे अंदाजी मोजमाप हे अयोग्य गोष्टीच्या अचूक मोजमापापेक्षा केव्हाही बरे.

आणखी एक कारण या सुधारणेची निकड वाढविते. कोकणातील खारट, दमट हवेत कागद टिकत नाही. पेटीतल्या छायाचित्रांना बुरशी चढते, कसर लागते, आणि त्यांतील माणसे ओळखणारे वृद्ध दरवर्षी कमी होत आहेत. पाठीमागे नाव लिहिलेले नसलेले छायाचित्र, ओळखणारे शेवटचे माणूस गेले की मुके होते. एका वर्गातील साठ विद्यार्थ्यांनी दरवर्षी साठ छायाचित्रांची नावनिशी लिहून ठेवली, तर दहा वर्षांत एका तालुक्याचा ६०० नोंदींचा संग्रह उभा राहील. ज्यांची छायाचित्रे कधी निघालीच नाहीत, त्यांच्या हकिकतीही त्या संग्रहात असतील. परीक्षेच्या निमित्ताने केलेले काम परीक्षेनंतरही कोणाच्या उपयोगी पडावे, असे प्रसंग आपल्या शिक्षणात फार नसतात.

अभ्यासमंडळांनी या सूचनांचा विचार करावा, अशी विनंती आहे. त्यांत दुरुस्त्या सुचविल्या गेल्या तर त्यांचे स्वागतच होईल. त्या वाडीवरच्या विद्यार्थ्याचा निकाल आता लागून गेला आहे आणि त्याला मिळालेले शून्य बदलता येणार नाही. परंतु पुढील सत्राचे गुणपत्रक अद्याप छापावयाचे आहे आणि ‘जुने छायाचित्र जोडणे’ हे कलम त्यातून काढून टाकण्यास कोणत्याही नव्या धोरणाची आवश्यकता नाही.